अपग्रेडला मास्टर डेटा भरायचा, पण सोसायटीने बदललेलं पुसायचं नाही: घडी कशी बसवावी?

निपाणी_कोडर

नमस्कार मंडळी. सौहार्द आणि मल्टिस्टेट सोसायट्यांच्या कामकाजाचं सॉफ्टवेअर आहे. शाखा निपाणी-चिकोडीकडेही आहेत आणि कागल-गडहिंग्लजकडेही. प्रत्येक सोसायटीचा डेटाबेस वेगळा, बहुतेक ठिकाणी पोस्टग्रेस, काही जुन्या ठिकाणी मायएसक्यूएल. इन्स्टॉल करताना मास्टर आम्हीच भरून देतो: राज्य, जिल्हा, तालुका, बँका आणि आयएफएससी, खात्यांचे प्रकार (बचत, मुदत ठेव, पिग्मी, सोनेतारण), ताळेबंदाची हेड (खातेशीर्षं), पावतीचे आणि थकबाकी नोटिसीचे नमुने.

अडचण पुढच्या व्हर्जनला येते. तीच मास्टर फाईल परत चालवली की सोसायटीने बदललेली हेडची नावं मूळपदावर जातात, त्यांनी काढून टाकलेले खातेप्रकार पुन्हा उगवतात, आणि त्यांनी स्वतः टाकलेल्या हेडचा आयडी आमच्या नव्या हेडच्या आयडीवर आदळतो. फाईल चालवलीच नाही, तर नव्या स्क्रीनला जे हेड लागतं ते सापडत नाही आणि व्हाउचर पास होत नाही.

मायएसक्यूएलच्या ठिकाणी रिप्लेस इन्टू आहे, पोस्टग्रेसला डिलीट करून इन्सर्ट. त्याऐवजी इन्सर्ट इग्नोर आणि ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग केलं तर भागेल का? कुणी नीट बसवलं असेल तर सांगा की.

---

उद्यमबाग_डीबीए

रिप्लेस इन्टू आजच काढा, बाकीचं नंतर. बाहेरून ते अपडेटसारखं दिसतं, पण आत आधी रो डिलीट होते, मग नवीन इन्सर्ट होते. म्हणजे दोन गोष्टी घडतात. तुमच्या फाईलमध्ये जे कॉलम नाहीत ते डिफॉल्टवर जातात. खातेप्रकाराच्या टेबलात पिग्मी एजंटाचं कमिशन सोसायटीने भरलेलं असेल आणि तुमच्या फाईलमध्ये तो कॉलम नसेल, तर अपग्रेडनंतर कमिशन शून्य. आणि चाइल्ड टेबलवर ऑन डिलीट कॅस्केड असेल तर त्या रोखाली लोंबकळणारं सगळं जातं, एकही एरर न येता. एसक्यूलाइटचं इन्सर्ट ऑर रिप्लेसही ह्याच जातीचं.

इन्सर्ट इग्नोरही नको. डुप्लिकेट की सोडून द्यावी एवढंच तुम्हाला हवं असतं, पण ते बऱ्याच चुका वॉर्निंगमध्ये बदलून पुढे जातं. नॉट नल कॉलममध्ये नल (म्हणजे काहीच न भरलेली किंमत) आलं तर शून्य किंवा रिकामी स्ट्रिंग टाकतं, लांब नाव कापून टाकतं, फॉरेन की जुळली नाही तर ती रो गुपचूप वगळतं. मायएसक्यूएलला त्यापेक्षा हे बरं:

इन्सर्ट इन्टू हेड (...) व्हॅल्यूज (...) ऑन डुप्लिकेट की अपडेट सीड_की = सीड_की;

बदलत काहीच नाही, पण बाकीच्या एरर एरर म्हणूनच येतात.

पोस्टग्रेसला ऑन कॉन्फ्लिक्ट आहे (९.५ पासून), फक्त कंसात टार्गेट द्यायलाच हवं: ऑन कॉन्फ्लिक्ट (सीड_की) डू नथिंग. टार्गेट दिलं नाही तर कुठल्याही युनिक इंडेक्सवरची टक्कर गिळली जाते. समजा सोसायटीने स्वतः एक हेड उघडून त्याला शॉर्टकोड ४१२ दिला आणि तुमच्या नव्या हेडचाही शॉर्टकोड ४१२ आहे. टार्गेट नसेल तर तुमचं हेड पडतच नाही आणि कुणाला कळतही नाही. टार्गेट असेल तर अपग्रेड तिथेच थांबतो. थांबलेला बरा.

पण हे सगळं एसक्यूएलचं झालं. त्याआधी कागदावर ठरवा की प्रत्येक टेबलची, आणि काही ठिकाणी प्रत्येक कॉलमची, मालकी कुणाची.

राज्य आणि जीएसटीचे राज्यकोड तुमचे. कर्नाटक २९, महाराष्ट्र २७, गोवा ३०, यात सोसायटीने हात घालायचं कारण नाही. हे टेबल स्क्रीनवरून एडिट होऊच देऊ नका आणि अपग्रेडला बिनधास्त अपडेट करा. खातेप्रकार, नोटिसीचे नमुने, ऐच्छिक हेड हे एकदाच द्यायचं. दिलं की ते सोसायटीचं झालं. तिसरा प्रकार त्रासाचा, सामायिक रो. ताळेबंदातलं हेड कुठल्या शेड्यूलखाली जातं ते तुमचं, त्याचं मराठी नाव त्यांचं. तालुक्याचा कोड तुमचा, छापायचं नाव त्यांचं.

नावाबद्दल मुद्दाम सांगतो. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव बेळगावी झालं. पण बऱ्याच सोसायट्यांनी मराठी कॉलममध्ये बेळगाव ठेवलंय आणि कन्नड-इंग्रजी कॉलममध्ये सरकारी नाव. त्या मराठी कॉलमवर तुमच्या अपग्रेडने काहीही लिहिलं, कुठल्याही बाजूने, तरी सोमवारी सकाळी चेअरमनचा फोन ठरलेला. गाव-तालुक्याच्या नावाच्या कॉलमला हातच लावू नका.

आता की, म्हणजे रो ओळखायची खूण. आयडी ही की नव्हे, नाव तर मुळीच नव्हे. प्रत्येक मास्टर टेबलात सीड_की नावाचा कॉलम घाला (सीड म्हणजे तुम्ही भरून दिलेला डेटा), त्यात रोमन अक्षरांतला न बदलणारा कोड, त्यावर युनिक इंडेक्स. सोसायटीने टाकलेल्या रोमध्ये तो नल राहतो. पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल युनिक इंडेक्समध्ये कितीही नल चालवून घेतात. एसक्यूएल सर्व्हर एकच नल घेतो, तिथे 'सीड_की नल नसेल तर' अशी अट घातलेला फिल्टर्ड इंडेक्स लागेल.

नावावरून जुळवण्याचा मोह होतो, म्हणून एक उदाहरण. कऱ्हाड. काही कीबोर्ड नुक्ताचा एकसंध ऱ टाकतात, काही र आणि नुक्ता असे दोन वेगळे कोड टाकतात, काही र, हलन्त आणि झिरो विड्थ जॉइनर. स्क्रीनवर तिन्ही जवळपास सारखेच दिसतात. बाइट तुलनेला तीन वेगळी गावं. पहिल्या दोन प्रकारांना युनिकोडचं एनएफसी नॉर्मलायझेशन एकत्र आणतं, जॉइनरवाल्याला नाही.

काढून टाकलेलं परत उगवू नये म्हणून वेगळं टेबल लागतं. त्याला सीड_नोंद म्हणू. कॉलम: टेबलचं नाव, सीड_की, कुठल्या व्हर्जनला दिलं, काय दिलं. तुमची फाईल आधी सीड_नवं ह्या टेंपररी टेबलात ओता. इन्सर्टची अट मग 'मूळ टेबलात नसेल तर' अशी नसते, 'आपण पूर्वी कधी दिलंच नसेल तर' अशी असते:

इन्सर्ट इन्टू खातेप्रकार (...) सिलेक्ट ... फ्रॉम सीड_नवं न व्हेअर नॉट एक्झिस्ट्स (सिलेक्ट १ फ्रॉम सीड_नोंद स व्हेअर स.टेबल = 'खातेप्रकार' अँड स.सीड_की = न.सीड_की);

आणि त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये सीड_नोंदमध्ये भर. सोसायटीने खातेप्रकार उडवला तरी नोंद राहते, म्हणून पुढच्या वेळी तो परत येत नाही. ही नोंद सोसायटीच्या त्याच डेटाबेसमध्ये ठेवा. सर्व्हरवरच्या एखाद्या फाईलमध्ये ठेवली, तर जुना बॅकअप रिस्टोअर केल्यावर फाईल पुढे आणि डेटा मागे राहतो.

ज्या रोवाचून प्रोग्राम चालतच नाही (रोख शिल्लक, शाखा समायोजन, व्याज देय) त्यांना सिस्टम असा फ्लॅग लावा आणि डिलीट ट्रिगरने अडवा. प्रोग्राममध्ये त्यांचा शोध सीड_की वरून, आयडीवरून नाही. आयडी टकरण्याचा प्रश्न तिथेच मिटतो, कारण आयडी ज्याचा त्याने डेटाबेसने द्यावा.

---

खानापूर_बॅकएंड

वरचं सगळं पटलं. फ्रेमवर्क वापरणाऱ्यांसाठी थोडी भर.

ओडू ह्या ईआरपीमध्ये एक्सएमएल डेटा फाईलला नोअपडेट १ लावलं की अपग्रेडला ती रो बदलत नाही. पण ग्राहकाने डिलीट केली असेल तर परत तयार होते. तेही नको असेल तर त्या रेकॉर्डवर फोर्सक्रिएट फॉल्स लावावं लागतं. उलट बाजूचा सापळा असा की नोअपडेट नसलेली रो तुम्ही नव्या व्हर्जनच्या फाईलमधून काढली, तर मॉड्यूल अपडेटच्या शेवटी ओडू ती डेटाबेसमधूनही काढायला जातं.

ईआरपीनेक्स्टवाल्यांनी, म्हणजे फ्रॅपेमध्ये, फिक्स्चर (ॲपसोबत दिलेल्या डेटा फायली) जपून वापरा. दर बेंच मायग्रेटला ते परत लागू होतात आणि ग्राहकाने केलेला बदल जातो. एकदाच द्यायचं असेल ते पॅचमध्ये लिहा. पॅच एकदा चालला की पॅच लॉगमध्ये नोंद होते, परत चालत नाही. जँगो ह्या पायथॉन फ्रेमवर्कचं लोडडेटाही तसंच, प्रायमरी की जुळली की वर लिहितं. तिथे डेटा मायग्रेशन आणि गेट_ऑर_क्रिएट वापरा. फ्लायवे ह्या डेटाबेस मायग्रेशनच्या टूलमध्ये एकदाच द्यायचं ते व्हर्जनवाल्या फाईलमध्ये, पूर्ण तुमच्या मालकीचं ते रिपीटेबलमध्ये. रिपीटेबल फाईलचा चेकसम बदलला की ती पुन्हा चालते, आणि व्हर्जनवाल्या सगळ्या झाल्यावर चालते, हा क्रम लक्षात ठेवा.

---

निपाणी_कोडर

@उद्यमबाग_डीबीए अण्णा, मालकीचं पटलं. पण चालू ठिकाणी सीड_की नाहीच आहे. कुठली रो आमची, कुठली त्यांची, हे आता कसं ओळखायचं? शिवाय कुठली सोसायटी कुठल्या व्हर्जनपासून सुरू झाली ह्याची नोंद सगळीकडे नाही.

दुसरं, तालुक्यांचं. पूर्वीच्या मास्टरमध्ये निपाणी चिकोडीखाली, कागवाड अथणीखाली, मूडलगी गोकाकखाली होतं. आता ते स्वतंत्र तालुके आहेत. नवीन रो टाकली, पण सभासदांच्या पत्त्यात चिकोडी तालुकाच आहे. पिनकोड ५९१२३७ असेल तर तालुका निपाणी करा, असं एक अपडेट टाकावं का?

---

उद्यमबाग_डीबीए

तालुक्याचं आधी. ते अपडेट टाकू नका. पिनकोड पोस्टाचा, तालुका महसूलचा. दोघांच्या हद्दी जुळतीलच असं नाही. आणि सभासदाचा पत्ता तुमचा नव्हेच. कर्जाच्या फायलीत जुन्या पहाणीची (कर्नाटकातला सातबारा) प्रत आहे, गहाणखतात तालुका चिकोडी लिहिलाय, आणि तुमच्या अपग्रेडनंतर त्याच कर्जाचा दाखला निपाणी छापायला लागला तर वकील विचारणार. नवीन तालुक्याची रो द्या आणि एक वेगळी स्क्रीन द्या: गाव, जुना तालुका, सुचवलेला तालुका, सभासदसंख्या. कोगनोळीसमोर सुचवणी दिसेल, बटण मॅनेजर दाबेल. झालेली कागदपत्रं जुन्या तालुक्यासहच छापली गेली पाहिजेत, त्यामुळे कागदपत्र करतानाच पत्ता त्या रेकॉर्डमध्ये कॉपी करून ठेवलेला बरा.

जुन्या मास्टरच्या रो कधी डिलीट करायच्या नाहीत, हेही ह्यातच आलं. राज्यकोड २५ बघा. २०२० मध्ये दमण-दीव आणि दादरा-नगर हवेली एक झाले, कोड २६ राहिला. २५ ची रो बंद असा फ्लॅग लावून ठेवायची, कारण जुनी बिलं तिकडे बोट दाखवतात. आयएफएससीचंही तेच. सिंडिकेट बँक १ एप्रिल २०२० ला कॅनरात गेली, आणि सिंडिकेटचे जुने आयएफएससी १ जुलै २०२१ पासून बंद झाले. ह्या भागात त्या बँकेच्या शाखा भरपूर, त्यामुळे सभासदांच्या खात्यांत ते कोड सापडणारच. रो तशीच ठेवा, 'याऐवजी' असा कॉलम घाला, नवीन व्यवहारात जुना कोड निवडू देऊ नका. चेकची जुनी नोंद मात्र उघडली पाहिजे.

आता जुन्या ठिकाणांना सीड_की चिकटवण्याचं. हे एकदाच करायचं काम आहे, पण ह्यात घाई केली तर पुढे प्रत्येक अपग्रेडला भोगायचं.

गिटमधून (कोडच्या जुन्या आवृत्त्या जपणारं टूल) आजवर दिलेल्या प्रत्येक व्हर्जनची मास्टर फाईल काढा आणि सगळ्या एका टेंपररी टेबलात ओता: व्हर्जन, आयडी, नाव, शॉर्टकोड, आणि आज ठरवलेली सीड_की. मग सोसायटीच्या टेबलाशी जुळवा. आयडी आणि नाव दोन्ही कुठल्याही एका व्हर्जनशी तंतोतंत जुळलं तर ती रो तुमची, सीड_की लिहा. आयडी आणि शॉर्टकोड जुळतो पण नाव वेगळं, तर बहुतेक त्यांनी नाव बदललंय. सीड_की लिहा, पण यादीत टाका आणि माणसाने बघावं. फक्त आयडी जुळतो, बाकी काही नाही, तर ती त्यांची रो समजा, कारण तुमच्या आयडीवर त्यांचं हेड बसलेलं असू शकतं. फक्त नाव जुळतं, आयडी वेगळा, तर आपोआप काहीही करू नका. 'इतर येणे' ह्या नावाची हेड एकाच ताळेबंदात तीन-तीन असतात.

राहता राहिल्या त्या की, ज्या तुमच्या जुन्या फायलींत होत्या पण सोसायटीच्या टेबलात कुठेच नाहीत. त्या त्यांनी काढून टाकल्या असं धरून सीड_नोंदमध्ये लिहा, स्थिती 'काढलेली'. ही पायरी राहिली तर पहिल्याच अपग्रेडला सगळं काढलेलं परत येतं आणि लोक म्हणतात नवीन पद्धत बिघडलेली आहे. सुरुवातीचं व्हर्जन माहीत नसेल तर आत्ता बसलेल्या व्हर्जनपर्यंतच्या सगळ्या फायलींची बेरीज धरा. ह्यात धोका एकच: जे कधी मिळालंच नव्हतं तेही 'काढलेलं' ठरेल. सिस्टम फ्लॅगवाल्या रो त्यातून वगळा, त्या नसतील तर तयारच करायच्या. बाकीच्यांसाठी 'उपलब्ध मास्टर' अशी एक स्क्रीन द्या, पाहिजे ते सोसायटी स्वतः उचलेल.

---

शहापूर_बिलिंग

सोसायटीचं मला फार कळत नाही, पण व्यापारी बिलिंगमध्ये दराचा प्रश्न ह्याहून वाईट आहे म्हणून लिहितो.

दराचं मास्टर अपडेट करायचंच नाही, नवीन रो टाकायची: एचएसएन (जीएसटीसाठीचा मालाचा कोड), दर, कधीपासून, कधीपर्यंत. २२ सप्टेंबर २०२५ ला लोणी-तूप १२ वरून ५ वर आलं, सिमेंट २८ वरून १८ वर. ज्यांच्या मास्टरमध्ये दर हा एकच कॉलम होता त्यांनी तो बदलला, आणि ऑगस्टच्या बिलाची क्रेडिट नोट नव्या दराने निघायला लागली. क्रेडिट नोट मूळ बिलाच्या दरानेच हवी. म्हणून बिलाच्या प्रत्येक ओळीत दर छापील किमतीसारखा कायमचा साठवायचा आणि मास्टरकडे फक्त नवीन बिल करताना बघायचं.

त्याच वेळचा दुसरा उद्योग म्हणजे 'जिथे २८ तिथे १८' असं एका ओळीचं अपडेट. निपाणीत हे चालणारच नव्हतं. तंबाखू आणि बिडी त्या तारखेच्या बदलातून वगळलेले होते, जुनाच दर आणि सेस पुढे चालू होता. शीतपेयं २८ वरून थेट ४० वर गेली. दराची फाईल एचएसएननिहायच द्यायची, दरावरून दर कधी बदलायचा नाही. आणि एखाद्या व्यापाऱ्याने आपल्या मालाचा एचएसएन स्वतः बदलून ठेवलेला असतो, त्याच्या सल्लागाराच्या सांगण्यावरून. त्याला हात लावायचा नाही, फक्त यादीत दाखवायचं.

तुमच्याकडे ठेवीचे व्याजदर असतील, तिथेही हेच. खातं उघडताना दर खात्यात लिहिला गेला पाहिजे.

एक शंका. सामायिक रोसाठी लोक जुनी किंमत, चालू किंमत, नवी किंमत (किंमत म्हणजे कॉलममध्ये भरलेलं मूल्य) अशी तिहेरी तुलना करतात. माझं मत, ती भानगड करूच नये. तुमची किंमत एका टेबलात, ग्राहकाची बदललेली किंमत दुसऱ्या टेबलात, आणि वर व्ह्यू: कोअलेस (ग्राहक.नाव, मूळ.नाव), म्हणजे ग्राहकाचं नाव असेल तर ते, नल असेल तर मूळ. तुमचं टेबल हवं तितक्या वेळा पूर्ण बदला, त्यांच्या टेबलाला अपग्रेड शिवतच नाही.

---

उद्यमबाग_डीबीए

नवीन प्रॉडक्ट असेल तर शंभर टक्के तुमचंच बरोबर. चालू प्रॉडक्टमध्ये मात्र प्रत्येक रिपोर्ट, प्रत्येक जॉइन, ऑडिटरने स्वतः लिहून घेतलेली प्रत्येक क्वेरी मूळ टेबलावर बसलेली असते. टेबलाचं नाव व्ह्यूला देऊन मूळ टेबल मागे सरकवता येतं, पण मग इन्सर्ट-अपडेटसाठी इन्स्टेड ऑफ ट्रिगर आले (मायएसक्यूएलमध्ये ते नाहीतच), आणि फॉरेन की व्ह्यूकडे बोट दाखवू शकत नाही. निपाणीकरांच्या ठिकाणी हे एका व्हर्जनमध्ये उरकणार नाही. आणखी एक उणीव: कोअलेसमध्ये 'ग्राहकाने मुद्दाम रिकामं केलं' आणि 'ग्राहकाने बदललंच नाही' ह्यात फरक करता येत नाही, दोन्ही नलच.

तिहेरी तुलना वाटते तितकी अवघड नाही. डेबियनचा डीपीकेजी कॉन्फिग फायलींसाठी हेच करतो. पूर्वी दिलेल्या फाईलचा चेकसम जपतो; वापरणाऱ्याने फाईल बदललेली नसेल तर नवी टाकतो, वापरणाऱ्याने आणि डेबियनने दोघांनी बदलली असेल तर विचारतो, आणि वापरणाऱ्याने काढून टाकली असेल तर आपणहून परत आणत नाही.

डेटाबेसमध्ये, कॉलमनिहाय:

अपडेट हेड ह सेट नाव = न.नाव फ्रॉम सीड_नवं न, सीड_नोंद स व्हेअर ह.सीड_की = न.सीड_की अँड स.टेबल = 'हेड' अँड स.सीड_की = न.सीड_की अँड ह.नाव इज नॉट डिस्टिंक्ट फ्रॉम स.दिलेलं_नाव अँड न.नाव इज डिस्टिंक्ट फ्रॉम ह.नाव;

बरोबरचं चिन्ह वापरलं तर नल असलेल्या रो सुटतात, म्हणून इज नॉट डिस्टिंक्ट फ्रॉम. मायएसक्यूएलला त्याच्या जागी लहान-बरोबर-मोठं असं तीन चिन्हांचं ऑपरेटर. शेवटची अट नसेल तर न बदललेल्या रोवरही अपडेट होतं, अपडेटेड_अ‍ॅट हलतं, ऑडिट ट्रेलमध्ये शेकडो खोट्या ओळी येतात आणि ऑडिटर विचारत बसतो.

दिलेलं_नाव कधी पुढे न्यायचं, ह्यात लोक चुकतात. ज्या रोमध्ये ग्राहकाचा बदल आहे तिथे तुमची नवी किंमत लागू झाली नाही, तरीही सीड_नोंदमध्ये ती 'या व्हर्जनला देऊ केली' म्हणून लिहायची. नाही लिहिली तर प्रत्येक अपग्रेडला तीच रो पुन्हा वादात निघते. लागू झालेली आणि देऊ केलेली असे दोन वेगळे कॉलम ठेवले तर उत्तम.

पूर्ण रोचा हॅश काढून तुलना करणार असाल तर आधी ह्या गोष्टी बघा: ९.५ आणि ९.५० मजकुरात वेगळे, शेवटची स्पेस, आणि टाइमस्टॅम्प कॉलम हॅशमध्ये गेला तर प्रत्येक रो बदललेलीच दिसणार. तीन-चार कॉलमचा प्रश्न असेल तर हॅश नको, सरळ किमती साठवा. डिस्कवर काही केबी जास्त जातील, पण सपोर्टवाल्याला वाचता येतं.

---

अथणी_सपोर्ट

लॉजिक झालं, आता प्रत्यक्ष चालवण्याचं.

पोस्टग्रेसला टेबल बदलणं आणि डेटा भरणं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये बसतं, मध्येच वीज गेली तर सगळं मागे. मायएसक्यूएलला तसं नाही. ऑल्टर टेबल आलं की आधीचं सगळं आपोआप कमिट होतं. म्हणून तिथे आधी सगळे ऑल्टर, मग वेगळ्या ट्रान्झॅक्शनमध्ये सगळा सीड डेटा, आणि प्रत्येक ऑल्टरच्या आधी 'कॉलम आहे का' ही तपासणी, म्हणजे अर्ध्यावर पडलेला अपग्रेड परत सुरुवातीपासून चालवता येतो.

पोस्टग्रेसमध्ये पूर्वी आयडी हाताने देऊन रो टाकल्या असतील तर सीक्वेन्स मागेच राहिलेला असतो. अपग्रेड सुरळीत होतो आणि दुसऱ्या दिवशी क्लार्कने नवीन हेड उघडलं की डुप्लिकेट की. सीडनंतर सेटव्हॅल चालवून सीक्वेन्स सर्वांत मोठ्या आयडीवर आणा. सीक्वेन्सचं नाव पीजी_गेट_सीरियल_सीक्वेन्सला विचारा, अंदाजाने लिहू नका. ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंगनेही सीक्वेन्सचे आकडे जळतात, आयडीत फटी पडतात. त्या पडू द्या. फक्त व्हाउचर नंबर कधी सीक्वेन्सवर टाकू नका, तिथे फट चालत नाही.

चाचणीसाठी तीन डेटाबेस ठेवा: कोरा, मागच्या व्हर्जनचा, आणि मधली व्हर्जन गाळून थेट उडी मारणारा सर्वांत जुना. सोसायटीची कॉपी वापरणार असाल तर सभासदांची नावं, आधार, मोबाईल आधी बदलून घ्या. प्रत्येकावर सीड दोनदा चालवायचा. दुसऱ्या वेळी इन्सर्ट शून्य, अपडेट शून्य आलं पाहिजे. एक जरी आली तरी पॅकेज बाहेर सोडू नका. चाचणीच्या डेटाबेसमध्ये मुद्दाम एक हेडचं नाव बदला, एक खातेप्रकार काढा, एक स्वतःचं हेड टाका, एका कॉलममध्ये नल ठेवा, आणि अपग्रेडनंतर हे चारही जसेच्या तसे आहेत का ते स्क्रिप्टनेच तपासा.

सोसायटीत जाताना: डे-एंड झाल्यावरच, सगळ्या शाखांचे युजर बाहेर, पिग्मी मशीनचं कलेक्शन अपलोड झालेलं. पीजी-डंप घ्यायचा, आणि तो दुसऱ्या डेटाबेसमध्ये रिस्टोअर करून उघडतोय का बघायचं. फाईलचा आकार बघून समाधान मानायचं नाही. अपग्रेडच्या आधी आणि नंतर तेरीज (ट्रायल बॅलन्स) काढायची. बेरीज सारखी असून भागत नाही, हेडनिहाय ओळन्‌ओळ जुळली पाहिजे, कारण हेडचं शेड्यूल हललं तरी एकूण बेरीज तीच राहते. मार्चअखेरीला आणि ऑडिट चालू असताना अपग्रेड नाहीच.

---

निपाणी_कोडर

खूप मोलाचं मिळालं, आभारी. एकच राहिलं: थकबाकी नोटिसीचे नमुने. हा मजकूर सोसायट्या पूर्ण बदलतात, मराठीत, कन्नडमध्ये, काही दोन्ही भाषांत. आम्हाला नव्या व्हर्जनमध्ये मजकुरात एक नवीन फील्ड घालायचं आहे, थकीत हप्त्यांची संख्या. तिहेरी तुलनेत जवळपास सगळेच 'ग्राहकाने बदललेले' निघणार.

---

उद्यमबाग_डीबीए

निघणारच. नमुन्याला व्हर्जन लावा आणि जुना तसाच चालू ठेवा. नवीन नमुना वेगळ्या सीड_की ने, 'निष्क्रिय' म्हणून द्या. सोसायटीच्या मजकुरात फील्ड आपोआप खुपसायला जाऊ नका. कन्नड वाक्यात मराठी वाक्यरचनेच्या जागी आकडा पडला तर नोटीस वाचणाराच गोंधळेल. प्रोग्राममध्ये एवढंच बघा की जुन्या नमुन्यात ते फील्ड नसलं तरी छपाई अडत नाही. आणि एखाद्या फील्डचं नाव बदलणार असाल तर जुनं नावही पुढची काही व्हर्जन चालू ठेवा, नाहीतर नोटिसीवर महिरपी कंसासकट फील्डचं नाव छापून जातं.

---

अथणी_सपोर्ट

भर: निष्क्रिय नमुना दिला की नमुन्यांच्या यादीवर 'नवीन उपलब्ध' असं दिसू द्या, आणि शेजारी जुना-नवा फरक दाखवणारं बटण. मॅनेजर स्वतः कॉपी करून घेतात, सपोर्टला फोन येत नाही. कन्नड नमुन्याचा फॉन्ट मात्र नुडीच्या (कन्नड टायपिंगचं सॉफ्टवेअर) जुन्या एन्कोडिंगमध्ये आहे की युनिकोड, ते आधी बघा. जुन्या नुडीतला मजकूर डेटाबेसमध्ये रोमन अक्षरं म्हणून पडलेला असतो. फरकाच्या स्क्रीनवर तो कचऱ्यासारखा दिसतो आणि कुणीतरी तो कचरा समजून उडवतं.